हलकं, मोकळं आणि बाबांचं वायफाय

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला, या जुन्या लॅपटॉपचं आता करायचं काय? विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम हवी, टीपीएम २.० हवं. आमच्या बाबांच्या २०११च्या लॅपटॉपमध्ये रॅम २ जीबी. भंगारवाल्याला भाव विचारून झाला होता. (आकडा सांगण्यासारखा नाही.)

बाबांच्या गरजा तीनच. सोसायटीचा हिशेब, मराठीतली पत्रं आणि सकाळी पेपर. त्यासाठी कुठलंही हलकं लिनक्स चाललं असतं. पण म्हटलं, या वेळी नुसतं हलकं नको, पूर्ण मुक्त बघू. पूर्ण म्हणजे पूर्ण!

इंग्रजीतल्या ‘फ्री’ शब्दानं जो घोळ घातलाय तो मराठीत होत नाही बघा. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. मुक्त म्हणजे प्रोग्राम वाचता येतो, बदलता येतो, बदललेला दुसऱ्याला देता येतो. आपण सरसकट ‘लिनक्स’ म्हणतो त्यात सगळंच असं नसतं. वायफायच्या बऱ्याच चिपांना सुरू होताना एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. पुष्कळ कंपन्या तो फक्त शून्य-एकच्या भाषेत देतात. आत काय लिहिलंय ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक डिस्ट्रो तो गुपचूप सोबत देतात, कारण लोकांचं वायफाय चाललं पाहिजे.

त्रिस्केल देत नाही. हा प्रकल्प २००४ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या व्हिगो विद्यापीठाच्या मदतीनं सुरू झाला. मूळ हेतू होता गॅलिशियन भाषेत शाळा-कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर! आवृत्त्यांना नावं केल्टिक देवदेवतांची... नाबिया, अरामो वगैरे. त्याचंच हलकं रूप म्हणजे त्रिस्केल मिनी. त्यात एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप आणि खाली लिनक्स-लिब्रे, म्हणजे न वाचता येणारे तुकडे काढून टाकलेला कर्नल.

शनिवारी दुपारी पेनड्राइव्हवरून टाकलं. सुरू झाल्यावर रॅम खाल्ली चारशे एमबीच्या आसपास. पंखासुद्धा शांत! मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लागला, लिब्रेऑफिस टाकलं, हिशेबाची फाइल उघडली. वायफायचं मात्र नाव नाही. लॉग बघितला तर कर्नलनं स्वच्छ लिहिलेलं, मुक्त फर्मवेअर सापडलं नाही आणि दुसरं मी भरवणार नाही.

“अरे, पण विंडोजवर चालायचं की!” बाबा.

“चालायचं. पण त्या कार्डात कंपनीचा प्रोग्राम जायचा. तो काय करतो ते बाहेर कुणालाच बघता येत नाही. यांचं म्हणणं, जे बघता येत नाही ते आम्ही देणार नाही.”

बाबांनी बँकेत तीस वर्षं काढलीत. “म्हणजे व्हाउचरशिवाय एंट्री नाही,” ते म्हणाले. “बरोबर आहे त्यांचं. पण मग मी पेपर कुठे वाचू?”

आता आली का पंचाईत? डेबियन टाकलं असतं तर अर्ध्या तासात प्रश्न मिटला असता. त्या मंडळींनीही वर्षानुवर्षं असलं फर्मवेअर मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३च्या डेबियन १२ पासून ते आत घेतलं. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. ज्याचं मशीन नेटला जोडलंच जात नाही त्याला स्वातंत्र्याचं व्याख्यान काय कामाचं? पण हेही खरं की डेबियन टाकलं असतं तर वायफाय मुकाट चाललं असतं आणि त्या कार्डात काय जातंय हा प्रश्न बाबांना पडलाच नसता. मलाही नाही. पगार मात्र मी याच धंद्यातला घेतो!

तूर्त राउटरपासून केबल ओढून दिली. मग शोध सुरू झाला एआर ९२७१ या चिपच्या यूएसबी डोंगलचा. हिचं फर्मवेअर २०१३ मध्ये खुलं झालं, त्यामुळे त्रिस्केलला चालतं. गंमत अशी की एका प्रसिद्ध डोंगलच्या पहिल्या व्हर्जनमध्ये ही चिप आहे आणि दुसऱ्यापासून भलतीच, मॉडेलचं नाव तेच! तपकीर गल्लीत तीन दुकानं पालथी घातली. “साहेब, वायफाय चालल्याशी मतलब ना?” एक दुकानदार वैतागून म्हणाला. त्याला काय सांगणार... शेवटी एक सेकंडहँड मिळालं. लावलं आणि चाललं. वेग बेताचा, पण दोन खोल्यांपलीकडे पोचतो.

मग बाबांनी पेपरची साइट उघडली आणि दोन जीबी रॅम त्या एका पानानं खाल्ली. जाहिराती, आपोआप वाजणारे व्हिडिओ, कुठून कुठून येणारी जावास्क्रिप्ट. खाली एवढं हलकं सगळं करून ठेवलं आणि वर हा हत्ती आणून बसवला. त्या स्क्रिप्टांचं व्हाउचर तरी कुठे आहे?

बाबांनी कागदाचा पेपर परत लावलाय. लॅपटॉपवर हिशेब आणि पत्रं मजेत चाललीत. कालच खालच्या मजल्यावरचे काका त्यांचा लॅपटॉप आणून ठेवून गेलेत. त्यात वायफायची चिप कुठली आहे ते उद्या बघतो.