परत येण्याचा पुरावा

पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. आमच्या ताईच्या बाबतीत तो उलटा झाला. ताई न्यू जर्सीला आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरला. तेव्हा माहेरानेच उठून लेकीकडे जावे असे ठरले. माहेर म्हणजे अर्थात आई. बाबांना घर सोडता येण्यासारखे नव्हते, कारण घरी ब्याऐंशी वर्षांची आजी. जिने आजवर एकटीने पुण्यापर्यंतही प्रवास केलेला नाही, तिने सातासमुद्रापलीकडे एकटीने जायचे! तिकिटाचे ताई पाहणार होती. व्हिसाचे काम मात्र माझ्या गळ्यात आले, कारण घरात इंग्रजी ‘येणारा’ मी एकटाच. (इंग्रजी विभागाच्या सरांनी हे वाक्य वाचून हसू नये.)

व्हिसा म्हणजे परवानगी, इतकेच मला तोवर ठाऊक. खोलात शिरल्यावर कळले, की अमेरिकेचा १९५२ सालचा एक कायदा आहे. त्यातल्या २१४ (ब) या कलमाचा मथितार्थ असा : भेटीला येतो म्हणणारा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे, असे आधी गृहीत धरावे, तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. चोरालाही गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष मानतात, पण पाहुण्याला ही सवलत नाही. युरोपची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्यात १९८५ साली पाच देशांनी आपापसातल्या सरहद्दींवरची तपासणी उठवण्याचा करार केला. पण बाहेरून जाणाऱ्याला १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते, ३०,००० युरोंचा विमा काढावा लागतो, आणि परत जाण्याच्या इराद्याविषयी शंका आली तर छापील कागदावर एका चौकोनात खूण करून नकार हाती ठेवतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना असा कागद दोनदा आला. त्या पुढे कितीतरी दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. नातवंड पाहायला मिळाले नाही हे दुःख होतेच. पण ‘मी काय तिकडे पळून जाणार होते?’ हे त्यांना जास्त लागले होते.

तेव्हा प्रश्न एकच होता. आई परत येईल कशावरून?

जाणकारांनी सांगितले, की घर, शेती, नोकरी, बँकेतल्या ठेवी, जे जे माणसाला बांधून ठेवते त्याचे कागद गोळा करा. एका रविवारी मी लोखंडी कपाट उघडून बसलो. गारखेड्यातले घर बाबांच्या नावावर. पैठणजवळची जमीन आजीच्या आणि काकांच्या नावावर. मुदत ठेवींवर पहिले नाव बाबांचे, कारण ते वाळूजच्या कारखान्यात होते आणि पगार त्यांचा. दागिने आईचे खरे, पण दागिन्यांचा सातबारा निघत नाही. शेवटी आईच्या नावाचे दोन कागद सापडले : गॅसचे पुस्तक आणि बचत गटाचे पासबुक. बत्तीस वर्षे जिने हे घर चालवले, तिचे त्या घरात कागदोपत्री एवढेच. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमना हे सांगितले, तेव्हा त्यांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ची आठवण काढली. १९९० च्या सुमारास त्या हाकेसरशी कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. आमच्या गावापर्यंत काही ती हाक पोहोचली नसावी.

यापुढे नावाचे प्रकरण. आईचे माहेरचे नाव एका नदीचे. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरे नाव लिहिले आणि ती एका देवीची झाली. पासपोर्टवर देवी, शाळेच्या दाखल्यावर नदी. दोन्ही बाया एकच, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र करायला आम्ही कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेलो. व्हिसाच्या अर्जातही प्रश्न होताच : ‘तुम्ही कधी दुसरे नाव वापरले आहे काय?’ ‘उर्फ’ हा शब्द मी तोवर फक्त दरोड्याच्या बातम्यांत वाचलेला. आई म्हणाली, “मी कुठे वापरलं? लोकांनी वापरलं.” जन्मतारीख १ जून. बाबांचीही १ जून. आईबाबांच्या पिढीत गावोगाव निम्मी माणसे १ जूनला जन्मली आहेत, ही मास्तरांची कृपा. तिकडच्या अधिकाऱ्यांना महाराष्ट्रातल्या या तारखेचे काय वाटत असेल कोण जाणे.

अर्ज संगणकावर भरायचा. आई ताटात तूर निवडत बसलेली आणि मी एकेक प्रश्न मराठीत करून विचारतो आहे. “आई, तू दहशतवादी कृत्ये करायला चालली आहेस का?” “नाही.” “कधी नरसंहारात भाग घेतला होतास?” “म्हणजे काय रे?” मी सांगितले. तिने हातातले ताट खाली ठेवले. “असं विचारतात बाईमाणसाला?” हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतात असे मी समजावले, तरी पुढचा अर्धा तास ती गप्पच होती. फी १८५ डॉलर, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास, आणि नकार आला तरी परत नाही. फोटो दोन इंच चौरस, चष्म्याशिवाय. चष्मा काढलेली आई मला त्या फोटोत अनोळखीच वाटली.

मुंबईतल्या मुलाखतीची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची. तीही लवकर म्हणायची. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत हाच मुक्काम ९९९ दिवसांवर गेला होता. दिवस भरत चाललेल्या लेकीला हे आकडे कसे ऐकवायचे?

त्या पाच महिन्यांत ग्रंथालयात आनंदीबाई जोशींचे चरित्र हाती आले. माहेरची यमुना, लग्नानंतरची आनंदी. म्हणजे हीसुद्धा नदीच. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. गेली तीही न्यू जर्सीलाच, रोझेलच्या कार्पेंटरबाईंकडे. वय अठरा, आणि नवरा सोबत नाही. तिला व्हिसा लागला नाही, कारण अमेरिकेने सगळ्या परक्यांना व्हिसाची सक्ती केली ती पहिल्या महायुद्धात. परत जाशील कशावरून, असे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कोणी विचारल्याचे वाचनात नाही. विचारले ते आपल्याच लोकांनी. श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभे राहून तिला सांगावे लागले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन ती आली, दिलेल्या शब्दाप्रमाणे. आणि तीन-चार महिन्यांतच पुण्यात वारली. हे वाचल्यावर मला त्या २१४ (ब) चा राग थोडा कमी आला. बाईने परत येण्याची हमी द्यावी ही मागणी काही अमेरिकेची एकटीची नव्हे.

आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुणे येतात, तेही व्हिसा काढूनच. २०१४ पासून तर पर्यटकांना तो घरबसल्या इंटरनेटवर मिळू लागला. पण बीबीच्या मकबऱ्यापुढे फोटो काढणारा पाहुणा इथेच राहून जाईल, अशी शंका माझ्या मनाला कधी शिवली नाही.

देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही रात्री निघालो आणि ठाण्याला मावशीकडे उतरलो. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या संकुलात वकिलातीत मुलाखत. मोबाईल आत नेता येत नाही आणि मलाही जाता येत नव्हते. प्रतिज्ञापत्र, बाबांचे खरेदीखत, ताईचे पत्र, गॅसचे पुस्तक असे सगळे असलेली फुगीर फाईल छातीशी धरून आई रांगेत पुढे सरकत दिसेनाशी झाली. रस्त्यापलीकडे माझ्यासारखेच पुष्कळजण उभे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. प्रत्येकजण दारातून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे वाचत होता.

दोन तासांनी आई आली. हातात फाईल, पासपोर्ट नाही. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झाले, एवढे मी वाचलेले होते. मुलाखत मराठीतून झाली. कशाला चाललात, किती दिवस राहणार, घरी कोण असते, एवढेच विचारले म्हणे. आई म्हणाली, “सासूबाई आहेत. त्यांना माझ्या हातचीच भाकरी लागते. तीन महिने यांना जमेल कसंबसं, पुढे नाही.” बाईंनी संगणकावर काहीतरी टिपले आणि हसून ‘बाळाला आशीर्वाद’ म्हणाल्या. फाईलचा बंद काही सोडावा लागला नाही.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. म्हणजे दहा वर्षे तिथे राहता येते असे नव्हे. प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पण आईचे लक्ष त्या दहा वर्षांकडे नव्हतेच. परतीच्या गाडीत तिने फाईल उघडून एकेक कागद पुन्हा पाहिला, आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांना विचारले, “घरावर माझं नाव लावायला काय खर्च येतो हो?”

बाबा “बघू” म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ याचा अर्थ ‘नाही’ असा आहे. पण चार दिवसांनी ते खरोखरच चौकशी करून आले : राहते घर बायकोला बक्षीसपत्राने द्यायचे तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, शहरातला अधिभार तेवढा वेगळा. बक्षीस स्वीकारले म्हणून आईलाही सही करावी लागेल. ताईला नववा लागला आहे, डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले आहेत, आणि आईचे विमान पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी, येत्या सोमवारी, दोघे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाणार आहेत. आजी मात्र सकाळपासून विचारते आहे, की चांगल्या घराला एकाएकी झाले तरी काय?