सायकल घेताना आधी गुडघा बघा

शिरढोणहून पनवेलच्या दवाखान्यात जायला मी स्वस्तातली, बिनगिअरची सायकल घेतली. महिनाभरात गुडघे दुखू लागले. दोष किमतीचा नव्हता. सीट खाली होती. पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. फार वाकला की वाटीमागे दाब वाढतो. सीट दोन बोटं वर घेतली, दुखणं हळूहळू थांबलं.

म्हणून पैसे कमी असतील तर गिअर सोडा. पण आपल्या उंचीची फ्रेम, दोन्ही चांगले ब्रेक आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना दिसेल असा मागचा लाल दिवा सोडू नका.

जाऊन-येऊन तास-सव्वा तास, आठवड्यातून तीनदा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली व्यायामाची किमान १५० मिनिटं एवढ्यातच भरतात.