कृष्णाकांठीं मोटारीचा शोध

वाईहून सांगलीपर्यंत कृष्णेच्या कांठानें जाणारे प्रवासी बहुधा घाट, देवळें आणि संगम पाहण्यास निघतात. वाईचा ढोल्या गणपति, संगम-माहुलीचीं देवालयें, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, सांगलीचें गणेशमंदिर अशी ही सुंदर मालिका आहे. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं हाच मार्ग आक्रमिला. परंतु आमचा हेतु अगदीं लौकिक होता. आम्हांस घरासाठीं एक जुनी, परवडणारी आणि भरंवशाची मोटार हवी होती. हा प्रश्न आज आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं उभा असेल, म्हणून या प्रवासाची हकीकत येथें देत आहों.

प्रथम गरज सांगितली पाहिजे. आमच्या धाकट्या सूनबाई पांचगणीच्या एका शाळेंत शिकवितात. वाई ते पांचगणी हें अंतर सुमारें १२ किलोमीटरांचें. पण तेवढ्यांत पसरणीचा घाट पांच-सहाशे मीटर चढवून नेतो. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस खालीं पसरलेलें कृष्णेचें खोरें, आणि पावसाळ्यांत दहा पावलांवरचें दिसूं न देणारें धुकें! शिवाय घरांत ८७ वर्षांच्या मातोश्री आहेत. गेल्या आषाढांत एका रात्रीं त्यांस दम लागला, तेव्हां भाड्याची गाडी दाराशीं येईपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास घरांतील कोणीहि विसरलेलें नाहीं. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. मोटार हांकण्याचा परवाना असलेली व्यक्ति घरांत एकच, ती म्हणजे सूनबाई. आणि त्यांनाहि तो मिळून दोनच महिने झाले होते.

सर्व मिळून साडेचार लाख रुपयांची तरतूद होती. त्यांतील पन्नास हजार आम्हीं आधींच बाजूस काढले. कारण जुनी गाडी विकत घेतली म्हणजे खर्च संपला असें होत नाहीं. नांव बदलणें, विमा, टायर, बॅटरी हीं मागाहून हात पसरतातच. आमच्या बंधुराजांचें मत उंच, रुंद आणि चार लोकांत उठून दिसणारी गाडी घ्यावी असें होतें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं शिवणाची फीत घेऊन आमच्या गणपती आळींतील वळणाची रुंदी मोजली आणि आंकडा कागदावर लिहून ठेवला. आणखी एक अट त्यांनीं घातली: गाडी जुलै २०१९ नंतर बनलेली असावी. त्या वर्षीं एप्रिलपासून नव्या मोटारींत ब्रेक एकदम दाबला तरी चाकें जखडूं न देणारी योजना, आणि जुलैपासून चालकापुढील हवेची पिशवी व गाडी मागें घेतांना इशारा देणारें साधन सक्तीचें झालें. नवशिक्या हाताला हीं तिन्ही उपयोगाचीं.

तर्कशास्त्रांत ज्ञानाचीं प्रमाणें सांगितलीं आहेत. त्यांतील तीन आम्हीं बरोबर घेतलीं. कागदपत्रें हें शब्दप्रमाण, खुणांवरून काढलेला निष्कर्ष हें अनुमान, आणि स्वतः चालवून पाहणें हें प्रत्यक्ष. चौथे आमच्या ओळखीचे एक मिस्त्री. त्यांस दिवसाची मजुरी ठरवून नेलें होतें, कारण विकणाऱ्याच्या मिस्त्रीनें दिलेली ग्वाही ही ग्वाही नव्हे.

पांचवडावरून सातारा गांठला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या शहराबाहेर, महामार्गालगत एका व्यापाऱ्याच्या आवारांत पंचवीस-तीस गाड्या उन्हांत झळकत उभ्या होत्या. एक तांबडी गाडी बंधुराजांस फारच आवडली. धावमापक २९ हजार किलोमीटर दाखवीत होता. परंतु क्लचच्या पायपट्टीचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें, आणि स्टिअरिंगची कातडी तेलकट चकाकत असलेली. एवढी झीज २९ हजारांत होत नाहीं. नोंदणीपत्र मागितलें, तर त्यावर तिसऱ्याच गृहस्थांचें नांव आणि एका पेढीच्या कर्जाची नोंद. “कर्ज कधींच फिटलंय,” असें व्यापारी म्हणाले. फिटलें असेल, पण कर्ज देणाऱ्याचें ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ यांवांचून ती नोंद निघत नाहीं, आणि ती निघेपर्यंत गाडीवरील बोजा कायम राहतो. आम्ही नमस्कार करून निघालों.

कऱ्हाडास ज्यांची गाडी पाहावयाची होती त्यांनीं आम्ही पोंचण्यापूर्वींच इंजिन चालू करून ठेविलें होतें. मिस्त्रींनीं बॉनेटवर हात ठेवला आणि “दोन तासांनीं येतों” एवढेंच म्हटलें. तो वेळ आम्हीं प्रीतिसंगमावर काढिला. कृष्णा आणि कोयना येथें समोरासमोर येऊन मिळतात, आणि तेथेंच यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. परत येऊन थंड इंजिन सुरू केलें, तों मागील नळींतून निळसर धूर निघाला व निघतच राहिला. पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे, हें अनुमान आम्हीं बालपणीं घोकलें. निळा धूर दिसला कीं इंजिन तेल जाळीत आहे, हें त्या दिवशीं मिस्त्रींकडून शिकलों. काळा धूर इंधन नीट न जळाल्याचा. थंड सकाळीं क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. पण दाट पांढरा धूर टिकून राहिला तर इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत झिरपत आहे असें समजावें.

तेथून सांगली. कृष्णेचा पूर सांगलीकर आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात. तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. आम्हांस दाखविलेली गाडी त्याच वर्षाची, रंग नवा, आणि किंमत बाजारभावापेक्षां साठ हजारांनीं कमी. बंधुराजांनीं खिशांतील पाकिटावर हात ठेवला. तेवढ्यांत सूनबाईंनीं मागच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा भाग स्वच्छ होता. पण जो भाग सदा गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ होती. मिस्त्रींनीं पायाखालचा गालिचा उचलला. आसनांच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. जादा चाकाच्या खळग्यांत बोटाला बारीक गाळ लागला. पाण्यांत बुडालेल्या मोटारींतील विजेच्या तारा आंतून कुजत जातात, आणि अशी गाडी कधीं व कोठें बंद पडेल याचा नेम नसतो. पसरणीच्या धुक्यांत, मातोश्री मागें बसलेल्या असतांना ती बंद पडली तर? साठ हजारांची बचत त्या प्रश्नापुढें टिकली नाहीं. विकणाऱ्यांनीं ती स्वतःहि मागाहूनच घेतलेली होती; पूर त्यांना ठाऊक होता कीं नाहीं, कोण जाणे. आम्हीं कोणास दोष दिला नाहीं. आमच्या वाईच्या घाटांवर शांतपणें वाहणारी ही तीच नदी, एवढें मात्र मनांत आलें.

परतीच्या वाटेवर साताऱ्यांत एका निवृत्त गृहस्थांची वॅगन आर पाहिली. नोव्हेंबर २०१९ ची, एकहातीं वापरलेली, ३८ हजार किलोमीटर चाललेली. रंग राखाडी, उठून दिसण्यासारखें तींत कांहींच नव्हतें. पण त्यांनीं एका कापडी पिशवींतून दुरुस्तीच्या सर्व पावत्या तारीखवार काढून दिल्या, आणि प्रत्येक पावतीवर किलोमीटरांचा आंकडा चढत गेलेला होता. हाच शब्दप्रमाणाचा उत्तम नमुना. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथें ते ४११९ होते, म्हणजे २०१९ सालच्या ४१ व्या आठवड्याचे मूळचेच टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक झालें होतें. ही गोष्ट दाखविल्यावर त्या गृहस्थांनीं बारा हजार कमी केले, आणि सौदा ३ लाख ८८ हजारांवर आला.

तथापि होकार देण्यापूर्वीं प्रत्यक्ष प्रमाण उरलें होतें. साताऱ्याहून कास पठाराकडे जाणारा यवतेश्वरचा घाट हा पसरणीचा धाकटा भाऊ शोभेल असा आहे. मालक शेजारीं, आम्ही तिघे मागें, आणि चक्र सूनबाईंच्या हातीं. दुसऱ्या वळणावर समोरून एस. टी. आली, सूनबाईंनीं गाडी थांबविली, आणि चढावरच ती बंद पडली. मागें मालगाडीचा कर्णा वाजूं लागला. आम्हीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें, तों मिस्त्रींनीं हातानें खूण करून गप्प बसविलें. सूनबाईंनीं हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केलें, क्लच हळूं सोडतां सोडतां गाडीचें नाक किंचित् उचललें गेलें, तेव्हां हँडब्रेक सोडला. गाडी वीतभरहि मागें न घसरतां वर निघाली. जळका वास नाहीं, इंजिनाचा आवाज चढून वेग तेवढाच राहणें नाहीं. म्हणजे क्लच धड होता. उतरतांना दुसऱ्या गिअरमध्यें ब्रेक दाबल्यावर ती डावीउजवीकडे न ओढतां सरळ थांबली. पायथ्याशीं येऊन सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, ही गाडी माझं ऐकते.” बंधुराज थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “माझे गुडघेही नीट मावले हो!”

व्यवहार करितांना नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या घेतल्या. एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत परिवहन कचेरीस कळवावें लागतें, आणि विम्यावरील नांवहि तेवढ्याच मुदतींत बदलून मागावें लागतें. यांत कुचराई झाली तर अपघाताच्या वेळीं दोन्हीं घरें अडचणींत येतात. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे ही गाडी २०३४ पर्यंत निश्चिंत. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं नूतनीकरण. उरलेल्या रकमेंतून चारहि टायर नवे बसविले.

आमच्या वाचकांस एकच विनंती. जुनी मोटार घेतांना घरांतील वडील मंडळींनीं पैसे द्यावेत, कागद वाचावेत, जाणता मिस्त्री बरोबर न्यावा. पण अखेरचा शब्द ज्या हातांनीं ती चालवावयाची त्या हातांचा असूं द्यावा. घाटांतील वळणावर आपली प्रतिष्ठा उपयोगी पडत नाहीं. चालकाचा आत्मविश्वास उपयोगी पडतो. सूनबाई पहिले तीन आठवडे पहाटे, रस्ता मोकळा असतांना पसरणी चढत होत्या. आतां त्या रोज जातात, आणि गाडीची किल्ली रात्रीं मातोश्रींच्या खोलींतील खुंटीवर असते.