धुईतली लूना

येडशी, मंगळवार रात्र

ती. दादास सा. न. वि. वि.

पोचलो. फोन का करत नाही ते वहिनींना ठाऊक आहे. लूनाचं नाव निघालं की तू पलंगावर उठून बसतोस आणि प्लास्टरमधला पाय हलवून मला शहाणपण शिकवतोस. त्यांनी निघताना दारातच शपथ घातली. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

बार्शीत मामांच्या पडवीतून गाडी काढली. तुझ्या यादीप्रमाणे टाकी हलवून घेतली, नवा प्लग घातला. पांगरीपर्यंत कुरकुर नाही. मग घाट. पन्नास सीसी म्हणजे काय ते चढावर कळतं. इंजिन चालू, वरून मी पायडल मारतोय, शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गाणी लावून चाललेला, आणि ट्रॉलीवरचं पोरगं मला टाटा करतंय. वर आलो तेव्हा शर्ट घामानं चिंब, आणि वारा सुटल्यावर तोच शर्ट अंगावर गारठला. रामलिंगचं दर्शन झालं. माकडं आहेत तशीच आहेत.

समीरनं टोरांटोहून फोटो पाठवलाय, तो वहिनींनी दाखवला असेलच. गुडघाभर बर्फ, फावड्यानं गाडी उकरून काढतो आणि ती म्हणे बटणावर सुरू होते. इथं बर्फाचा कण नाही, तरी माझे दात वाजतायत. बालाघाटावरची थंडी कोरडी. दिवसा ऊन चटके देतं आणि सूर्य कलला की रस्ता एकदम गार. लॉजवाल्यानं दिलेली चादर पायावर घेतली तर छाती उघडी. गरम पाणी सकाळी सहा ते सात, बंबाचं, आणि बादलीचे वीस रुपये वेगळे. भाड्यात का धरत नाही विचारलं तर म्हणाला, "उन्हाळ्यात कोण मागतंय?"

लॉज घ्यायच्या आधी एका सरकारी विश्रामगृहात गेलो होतो. कुठल्या ते लिहीत नाही, नाहीतर तू पडल्या पडल्या तक्रारअर्ज करशील. किल्ल्या ओळीनं खिळ्यांना लटकलेल्या. खुर्चीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "आरक्षणाचं पत्र?" नव्हतं. "मग नाही. व्हीआयपी येणारेत." कधी, म्हटलं. "ते तुम्हाला कशाला?" आणि मग लूनाकडे बघून: "ते भंगार तेवढं पोर्चमधून काढा." दादा, त्यांच्या पोर्चमध्ये जी जीप होती तिला तीन चाकं होती. चौथ्याच्या जागी विटा. मी काही बोललो नाही, पण अजून डोक्यातून जात नाही. जेवताना येसराची आमटी झकास होती, तीसुद्धा रागातच खाल्ली.

भूम, गुरुवार दुपार

दादा,

कालचा दिवस वाया. येरमाळ्याला पहाटे निघायचं ठरवलं, बाहेर आलो तर धुई अशी की समोरची टपरी दिसेना. सीटवर दव, हँडलवर दव, ॲक्सिलरेटरची केबल ओढली तर परत येईना. स्टँडवर चढवून पायडल मारत राहिलो. चोक दिला, चोक काढला. प्लग काढला तर ओलाचिंब, ऑइलनं काळा. शेवटी टपरीवाल्या मावशींनी तो चिमट्यात धरून चुलीच्या निखाऱ्यावर तापवून दिला. "आमचे मालक असंच करायचे," म्हणाल्या. गरम प्लग फडक्यानं धरून बसवला आणि दुसऱ्या दमात गाडी बोलली. मावशींनी चहाचे दहा रुपये घेतले, प्लगचे नाही.

पण नीट नव्हतीच. तेरखेड्यातून जाताना सायलेन्सरमधून असे बार निघाले की फटाक्यांच्या त्या गावात लोकांनी माना वळवल्या. एक जण ओरडला, "काका, दिवाळी झाली की!"

कुंथलगिरीला डोंगर चढलो नाही, गुडघ्यांनी नकार दिला. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली ते हेच ठिकाण, एवढं वहिनींच्या जैन मैत्रिणींना सांग. मी खाली पेढे खाल्ले. इथला पेढा खवा तांबूस होईपर्यंत भाजून करतात, त्यामुळे रंग विटकरी आणि चव किंचित धुरकट. आपल्याकडच्या पांढऱ्या मऊ पेढ्याला मी आता पेढा म्हणणार नाही. थंडीत हाताला गार लागतो आणि जिभेवर मग सावकाश सुटतो. तुझ्यासाठी घेतले आहेत. साखरेचं तू आणि वहिनी बघा.

आता मुद्द्याचं. भूममध्ये तीन गॅरेजांत गेलो. पोरं हुशार आहेत, पण लूना बघून हसतात, फोटो काढतात आणि म्हणतात, "हिचं सीडीआय कुठंय?" सीडीआय नाही रे बाबा, पॉइंट आहेत, म्हटलं तर पॉइंट म्हणजे काय इथून सुरुवात. एकानं सल्ला दिला की आता इलेक्ट्रिक लूना निघाली आहे, ती घ्या, प्लगच नाही. खरंच आहे, २०२४ पासून मिळते. शेवटी बाजारामागं एक म्हातारे मिस्त्री सापडले. सत्तरीचे असतील, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आता फक्त सायकली करतात. लूना दारात आली तशी पोत्यावरून उठले. "फिरोदियांची," म्हणाले. "इटलीच्या चाओची पोर, नगरला वाढलेली." १९७२ला ती बाजारात आली तेव्हा आपण पोरं होतो हे त्यांना काय सांगणार?

त्यांनी प्लग बॉडीला टेकवून मला पायडल मारायला लावलं. ठिणगी पिवळी. निळी पाहिजे. म्हणजे कंडेन्सर मेलेला, आणि तो मेला की पॉइंटच्या तोंडावर ठिणग्या पडून तीही जळतात. मॅग्नेटच्या खिडकीतून त्यांनी पॉलिश पेपरची पट्टी आत सरकवून पॉइंट घासले. गॅप बघायला फीलर गेज नव्हता, जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घातला. अडकत अडकत निघाला की बरोबर, म्हणाले. वहिनींच्या भावानं पुण्यात हजार रुपये घेऊन जे केलं नव्हतं ते अर्ध्या तासात. मजुरी विचारली तर म्हणाले द्या काय द्यायचं ते. शंभर दिले, पन्नास परत केले.

कंडेन्सर मात्र बदलता आला नाही. त्याला मॅग्नेट उतरवावा लागतो आणि लूनाचा पुलर त्यांनी मागेच कुणाला तरी दिला. आपला पुलर ट्रंकेत आहे.

तेर, येळवशीच्या रात्री

दादा,

परंडा केला. किल्ला चांगला, आत वटवाघळं. विजापूरची मुलूखमैदान तोफ आधी इथं होती म्हणतात, मला रिकामी जागा दाखवली. परत यायला बार्शीवरूनच यावं लागलं, मामांकडे जेवलो, मामींनी तुझ्या पायाची चौकशी केली आणि माझ्या अकलेची.

आज मात्र तू हवा होतास. मार्गशीर्षातली अमावस्या, गावात चिटपाखरू नाही, दुकानं बंद, सगळे रानात. रस्त्यानं चाललो तर एका बांधावरून हाक: "ओ पाव्हणं, जेवल्याबिगर जाऊ नका." ओळख ना पाळख. कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडलेले, पूजा झालेली, आणि खाली घोंगडी टाकून पंगत. भज्जी: पावटा, वाटाणा, ओला हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या, बेसन आणि चिंच, सगळं एका भगुल्यात रटरटलेलं. बाजरीचे उंडे. वर गार अंबिल, ज्वारीचं आणि ताकाचं, मडक्यातून. इतक्या थंडीत अंबिल कसं प्यायचं म्हणून मी मागं सरकलो, तर म्हातारीनं तांब्याच भरला. प्यालो. आईच्या हातच्या अंबिलीत जिरं जरा जास्त असायचं, एवढाच फरक. तुला आठवतं का, कळंबच्या रानात तू अंबिलीत पडला होतास?

जेवणानंतर गाडी. घाटापासून जी ओढत नव्हती त्याचं कारण तिथल्या एका पोराच्या बापानं काढलं. त्यांच्याकडे टीव्हीएस फिफ्टी होती, त्यामुळे टू-स्ट्रोकचं दुखणं ठाऊक. सायलेन्सर उतरवला, आत बोट जाईना, इतका कार्बन. ऑइल जळतं ते शेवटी तिथंच जाऊन बसतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. तुराट्यांचा जाळ केला आणि सायलेन्सर आत टाकला. काळा वंगणट धूर असा सुटला की बायकांनी आरडाओरडा केला, भज्जीच्या भगुल्यावर झाकण पडलं, आणि आम्हाला बांधाच्या पलीकडे हाकललं. लाल झाल्यावर काढून दगडावर आपटला. काळी खरपुडी ओंजळभर पडली. आता गाडी पळते.

लामतुरे संग्रहालय आज बंद, गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं. इथून माल परदेशी जायचा तेव्हा तेरचं नाव तगर होतं, हे तू मला शाळेत शिकवलेलं. बाकी उद्या. बोटं वळत नाहीत.

नळदुर्ग, शनिवार

दादा,

थोडक्यात. तुळजापूरला गर्दी, आईचं दर्शन लांबून झालं, तुझ्या पायासाठी मागणं मागितलं. इथल्या किल्ल्याच्या पाणी महालावरून आता पाणी पडत नाही, ते पावसाळ्यात. हुरडा खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीसकट, आणि पोट बिघडलं.

लूना आज सकाळी पुन्हा अडली. ठिणगी पुन्हा पिवळी. कंडेन्सरच, दुसरं काही नाही. इथल्या मिस्त्रीकडे जुना पण चालू कंडेन्सर आहे, पुलर नाही.

नोंदणीच्या नूतनीकरणाचं तू जे म्हणालास त्यावर वाटभर विचार केला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फी, वर पर्यावरण कर, आणि गाडीची किंमत त्याहून कमी, हा हिशोब बरोबर आहे. तरी ती भंगारात द्यायची नाही. पैसे मी भरतो. भूमचे मिस्त्री म्हणालेत, आणलीत तर इंजिन पूर्ण उघडून देतो, फक्त डोळे चालताहेत तोवर आणा. त्यामुळे परतीची वाट बदलली आहे, उमरगा झाला की पुन्हा भूम.

कॉटखालच्या हिरव्या ट्रंकेत, तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुलर आणि पॉइंटचा नवा सेट आहे. वहिनींना काढायला सांग, तू वाकू नकोस. एसटी पार्सलनं उमरगा आगारात पाठव, माझ्या नावानं. बुधवारपर्यंत मी तिथं आहे.