अक्षरे कोणाच्या मालकीची?

पूर्वी छापखान्यात अक्षरांच्या शिशाच्या ठशांना खिळे म्हणत. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. खिळे ज्याच्या मालकीचे, त्याच्या मर्जीवर काय छापायचे ते ठरे. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू करणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे ‘भारत भूषण’ हा स्वतःचा छापखाना उभा केला, तो उगीच नव्हे. आता शिसे गेले, अक्षरे कॉम्प्युटरमध्ये आली आणि त्यांना आपण फॉण्ट म्हणू लागलो. पण अक्षरे कोणाच्या मालकीची, हा प्रश्न काही सुटला नाही.

आम्ही मुळशी तालुक्यात पौड रस्त्याच्या बाजूला राहतो. हिंजवडीतली सॉफ्टवेअरची मोठमोठी ऑफिसे आमच्याच तालुक्यात. वस्तीतली माणसे तिथे रोज जातात, पण बहुतेक साफसफाईला, पहाऱ्याला, गाडी चालवायला. आमच्या थोरल्या लेकीने मात्र घरीच जुन्या लॅपटॉपवर डिझाइनचे काम धरले आहे. मंगल परिणयाची पत्रिका, जलदान विधी व पुण्यानुमोदनाचे कार्ड, जयंतीचा फ्लेक्स, बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटाचे लेबल, अशी कामे येतात. चार पैसे मिळतात आणि आपल्या माणसांची नावे शुद्ध छापली जातात.

या धंद्यात फॉण्ट कसे फिरतात ते आम्ही पाहिले. एका दुकानातून पेन ड्राइव्हवर दुसऱ्या दुकानात, तिथून तिसऱ्या. कोणी केला, त्याची परवानगी आहे का, हे कोणी विचारत नाही. देवनागरीचा एक फॉण्ट करायचा तर जोडाक्षरांसकट शेकडो आकार काढावे लागतात. कोणाचे तरी महिनोन्महिन्यांचे श्रम त्यात असतात, आणि श्रमाचे मोल आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील सकाळी म्हणायचे आणि दुपारी दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलायची, हे आमच्या मनाला पटेना.

दुसरी अडचण जुन्या पद्धतीच्या फॉण्टची. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तोच फॉण्ट दुसऱ्या मशीनवर नसला की सगळे बिघडे. आमच्या विहाराच्या वर्गणीदारांची जुनी यादी अशीच उघडली. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला. ज्यांनी पै-पै जमवून विहार बांधला, त्यांचीच नावे वाचता येईनात. शेवटी वहीवरून सगळी यादी पुन्हा टाइप केली, ती युनिकोडमध्ये. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. फॉण्ट बदलला तरी अक्षर तेच राहते.

या दोन्ही अडचणींवर मार्ग आहे तो मुक्त परवान्याच्या युनिकोड फॉण्टचा. असे पुष्कळ फॉण्ट ‘ओपन फॉण्ट लायसन्स’ या परवान्याखाली मिळतात. त्याची 1.1 ही आवृत्ती 2007 सालची. फॉण्ट फुकट घ्या, धंद्यासाठी वापरा, दुसऱ्याला द्या, हवा तर त्यात बदलही करा, असे तो परवाना सांगतो. अटी थोड्या आहेत. नुसता फॉण्ट विकायचा नाही, आणि बदललेला फॉण्ट पुढे द्यायचा तर त्याच परवान्याखाली द्यायचा. त्यात केलेली पत्रिका मात्र आपलीच. म्हणजे इथे करणाऱ्यानेच दिले आहे आणि लेखी दिले आहे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्ता, बालू, मोदक हे फॉण्ट असेच आहेत. मुक्ता सात वजनांत, म्हणजे अगदी बारीक ते खूप ठळक असा मिळतो. एकाच पत्रिकेत नाव ठळक आणि मजकूर साधा ठेवता येतो. बालू फ्लेक्सवर लांबूनही वाचता येतो. मोदक चांगलाच गुटगुटीत. तो नामकरणाच्या कार्डावर शोभेल, पुण्यानुमोदनाच्या कार्डावर नाही. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ झाला. पुस्तिकेसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ खास मराठी वळणाचा आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ दिला. तो खुला होता म्हणून आयआयटी मुंबईला त्याच्या आधारे ‘शोभिका’ करता आला.

बसवण्याचे काम अवघड नाही. गूगल फॉण्ट्सवरून फाइल उतरवावी आणि झिप उघडावी. आत परवान्याची ‘ओएफएल’ नावाची फाइल असते, ती टाकून देऊ नये. टीटीएफ फाइलवर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणावे आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे.

मग फॉण्टची परीक्षा घ्यावी. आमची लेक प्रत्येक नव्या फॉण्टमध्ये हेच शब्द लिहून बघते: बौद्धाचार्य, प्रज्ञा, दीक्षाभूमी, मुळशी, दऱ्या, तऱ्हा, ॲड. ‘आचार्य’मधला रफार आणि ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ वेगळे दिसले पाहिजेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, म्हणून त्याआधीच्या फॉण्टमध्ये त्याच्या जागी बहुधा चौकोन दिसतो. कधी वेलांटी भलत्या बाजूला पडते, ‘द्ध’ सुटून द् आणि ध वेगळे होतात. तेव्हा लगेच फॉण्टला बोल लावू नये. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचे सेटिंग असते, ते आधी तपासावे. छपाईला देताना मजकूर कर्व्ह करून द्यावा, म्हणजे दुकानात तो फॉण्ट नसला तरी आकार बदलत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपावी, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात पुढे नाव दुरुस्त करता येत नाही.

आईबापांनी आयुष्यभर राबून लेकराचे नाव ठेवलेले असते. ते पत्रिकेवर तुटके छापले जाऊ नये, आणि माणूस गेल्यावर त्याच्या कार्डावर तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक विहारातल्या कॉम्प्युटरवर असे पाच-सहा फॉण्ट परवान्यासकट ठेवावेत, जुन्या याद्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि वस्तीतल्या मुला-मुलींना हे काम शिकवावे. पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो. रविवारच्या एका दुपारी एवढे काम सहज सुरू करता येईल.