वरुणेकाठची बाटी आणि राखेचं पांघरूण

थंडीत काशीला जायचा बेत असेल, तर घाटांमधून एक दिवस काढा आणि रामेश्वरला जाऊन या. हे तमिळनाडूतलं रामेश्वरम नव्हे. वाराणसीच्या पंचक्रोशी यात्रेतला हा एक मुक्काम, वरुणा नदीच्या काठी. इथे अगहन कृष्ण षष्ठीला ‘लोटा-भंटा’ची जत्रा भरते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या पंचांगात ही तिथी कार्तिक वद्य षष्ठीला शोधायची. भंटा म्हणजे वांगं. नदीकाठी गोवऱ्या पेटतात, बाटी-चोखा होतो, महादेवाला नैवेद्य दाखवला जातो. चोखा म्हणजे आपल्या भरताचा सख्खा भाऊ, आणि विदर्भातले रोडगे खाल्लेल्यांना बाटी परकी वाटणारच नाही.

उघड्यावर, गार वाऱ्यात, ही जाड कणकेची बाटी आतपर्यंत भाजते कशी, हे जरूर पाहा. गोवऱ्यांच्या या जाळाला तिकडे ‘अहरा’ म्हणतात. धूर ओसरून निखारे लाल झाले की त्यावर बाट्या उलटसुलट भाजायच्या आणि मग गरम राखेत पुरून टाकायच्या. राख उष्णतेची मंद वाहक. ती आतली धग बाहेर जाऊ देत नाही आणि वाऱ्याला बाटीपर्यंत पोचू देत नाही. मातीच्या भट्टीला भुसा कालवून लिंपतात, त्यातही थोडंफार हेच. वाळलेल्या भुशात हवा अडकते आणि उष्णता धरून ठेवते.

हल्ली गच्चीवर, अंगणात लोखंडी बार्बेक्यू किंवा धुरावर मांस-भाज्या शिजवणारा स्मोकर असतो. त्याचा पत्रा पातळ, थंडीत तो लगेच निवतो. मग कुणी जुनी गोधडी टाकतं, कुणी प्लास्टिकची ताडपत्री. दोन्ही पेटतात! गुंडाळायचंच असेल, तर अशा उष्णतेसाठीच बनवलेलं, न जळणारं आच्छादन घ्या. त्याहून सोपं म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, विटांचा आडोसा रचणं. मात्र खालची हवेची भोकं आणि वरचं धुराडं कधीच झाकू नका. हवा कोंडली की आग धुमसते, धूर कडवट होतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला ना रंग, ना वास.

म्हणूनच काशीत धर्मशाळेच्या खोलीत कुणी शेगडी किंवा ‘बोरसी’ (निखाऱ्यांचं मातीचं भांडं) आणून दिली, तर प्रेमाने नाही म्हणा. दारं-खिडक्या लावून निखारे शेजारी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तर भारतातून हिवाळ्यात येतच असतात. दोन रजया मागून घ्या. शेकायचं ते बाहेर, उघड्यावर.

राखेची धगही फसवी. वरून पांढरी, थंड दिसते, आत निखारा तासन्‌तास जिवंत असतो. लहान मुलांना लांब ठेवा आणि उठताना भरपूर पाणी ओता. पण त्याआधी बाटी तपासा. तिला चीर गेली, बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजली की झाली. फडक्यात धरून राख झटका, फोडा आणि तूप सोडा.