साचा सुटताना

'साचेबंद' हा शब्द आमच्या मराठीच्या तासाला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. अमक्याची कथा साचेबंद, तमक्याची कविता साच्यातून काढल्यासारखी, आणि परीक्षेतली आमची उत्तरं तर सगळीच एका साच्यातली! साचा म्हणजे नक्कल, साचा म्हणजे डोकं न वापरता केलेलं काम, साचा म्हणजे प्रतिभा जिथं फिरकत नाही अशी जागा. वर्गातली बाकीची मुलं हे निमूटपणे वहीत उतरवून घेतात. मी मात्र जरा अस्वस्थ होतो. कारण आमच्या घरची चूल इतकी वर्षं पेटली ती साच्यांवरच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, १९९० ते २०२१ अशी एकतीस वर्षं ओतशाळेत मोल्डर होते. साचे करणं हाच त्यांचा धंदा.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला अंबाबाई आठवते, तालमी आठवतात, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या ओतशाळांमधून बाहेर पडणारे मोटारींचे, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग देशभर जातात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. आणि त्या प्रत्येक लोखंडी भागाआधी तिथं एक पोकळी होती, हे तर कुणाच्याच नाही. ओतीव वस्तू म्हणजे तरी काय? कुणीतरी आधी अचूक आखलेल्या रिकाम्या जागेत भरलेला धातू! वस्तू दिसते, तिला नाव मिळतं, किंमत मिळते. तिच्याआधीची ती रिकामी जागा मात्र संध्याकाळपर्यंत पुन्हा वाळू होऊन ढिगात मिसळलेली असते.

शाळेत असताना सुट्टीत मी आबांचा डबा घेऊन जायचो आणि जेवणाची सुट्टी संपली तरी रेंगाळायचो. ओतशाळेतली वाळू काळी असते. रेतीत बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि बेताचं पाणी मिसळलेलं असतं. हे पाणी शंभराला तीन-चार भाग, त्याहून फार जास्त नाही. आबांना ते मोजावं लागत नसे. ते मूठभर वाळू उचलून आवळत आणि मूठ उघडत. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, आणि मधोमध मोडल्यावर कडा न भुरभुरता नीट तुटली, की वाळू तयार. कारखान्यात प्रयोगशाळा होती, तिथं ओलावा मापायचं यंत्रही होतं. पण तिथला पोरगा रिपोर्ट घेऊन येईपर्यंत आबांची निम्मी पेटी ठासून झालेली असे.

पेटी दोन भागांची असते, खालची आणि वरची. पॅटर्न ठेवायचा, त्यावर चाळलेली बारीक वाळू पसरायची, मग भरड वाळू भरून ठासायची. ठासण्यातच सगळी मेख आहे. सैल ठासली तर वितळलेल्या लोखंडाच्या वजनानं साच्याची भिंत फुगते. फार घट्ट ठासली तर आत तयार झालेल्या वाफेला आणि वायूला वाट उरत नाही, आणि कास्टिंगच्या पोटात बुडबुडे राहतात. म्हणून बारीक सळईनं वाळूला जागोजाग भोकं पाडायची. आबा याला 'श्वास देणं' म्हणत.

मग पॅटर्न उचलायचा. आधी त्याला चारी बाजूंनी हलकेच ठोकायचं; इतकं हलकं की वाळूला कळू नये आणि पॅटर्नला कळावं. तो जरासा सैल झाला की श्वास रोखून सरळ वर काढायचा. इथं हात थरथरला की कडा ढासळली आणि तासाभराची मेहनत मातीत. मी एकदा विचारलं होतं, "आबा, यातलं अवघड काय?" ते म्हणाले, "भरायला काय, कुणीबी भरंल. सुटला पायजे."

या दोन शब्दांचा अर्थ मला पुढं हळूहळू कळत गेला. साचेकामातली बहुतेक अक्कल सुटण्यासाठी खर्च होते. पॅटर्नच्या उभ्या बाजू अगदी काटकोनात नसतात. एक-दोन अंशांचा उतार दिलेला असतो, तो केवळ वाळूतून निघताना घासू नये म्हणून. पॅटर्न करणाऱ्या सुताराची मोजपट्टीही आपल्या पट्टीपेक्षा किंचित मोठी असते. लोखंड गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. पोलाद तर त्याच्या दुप्पट. म्हणजे बरोबर मापाची वस्तू हवी असेल तर आधी जाणूनबुजून चुकीच्या मापाचा पॅटर्न करायचा! ही मोजपट्टी मला फार आवडते. खोटं बोलून खऱ्यापर्यंत पोचणारी दुसरी वस्तू मला फक्त कादंबरी माहीत आहे.

पंपासारख्या वस्तूच्या पोटात पोकळी हवी असते. त्यासाठी वाळूचाच एक गाभा, ज्याला कारखान्यात कोअर म्हणतात, साच्यात बसवायचा. तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड त्याच्याभोवती जमतं. गार झाल्यावर हा गाभा फोडून बाहेर सांडायचा. लोखंड ओतताना वरची पेटी चक्क तरंगू पाहते, म्हणून तिच्यावर वजनं ठेवतात. धातू आकसताना कमी पडू नये म्हणून बाजूला जादा धातूची एक विहीर राखून ठेवतात. आपल्याला वाटतं साचा म्हणजे एक निर्जीव खड्डा. पण धातू कसा वाहील, कुठं आधी गार होईल, वायू कुठून निघेल, याचा विचार त्या खड्ड्यात कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

साचे केवळ कारखान्यातच असतात असंही नाही. आमच्या गल्लीत पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठी करणारं एक घर आहे. ओल्या केलेल्या लाकडी साच्यात दोरा घालायचा, साखरेचा कडक पाक ओतायचा आणि गार झाल्यावर साचा उघडायचा. आता सांगा, हे ओतकाम नाही तर काय? फरक एवढाच की इथला माल आपण गुढीला बांधून मग खातो.

आमची ताई घरी मेणबत्त्या आणि साबण करते. तिचे साचे सिलिकॉनचे. दोन द्रव ठराविक प्रमाणात मिसळायचे आणि पेटीच्या एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेनं सोडायचे. धार बारीक असली की हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात. काही तासांत त्याचं मऊ रबर होतं. एकदा तिनं बाजारातल्या शिल्पकामाच्या मातीवरून साचा घेतला, तर सिलिकॉन दोन दिवस झाले तरी चिकटच. पुढं कळलं की त्या मातीत गंधक होतं, आणि प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचं आणि गंधकाचं वैर आहे. आबांनी तो चिकट गोळा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "तुझ्या वाळूलाबी ओल जास्त झाली म्हण की!" पण नंतर तिनं गुलाबाच्या फुलाचा साचा घेतला, तेव्हा मात्र ते खरोखर चकित झाले. पाकळीआड पाकळी, आत वळलेल्या कडा. वाळूच्या पेटीतून असला पॅटर्न जन्मात निघाला नसता. ताईनं साचा मोज्यासारखा उलटा केला आणि अख्खं फूल तिच्या तळहातावर पडलं. आबा बराच वेळ तो साचा वाकवून बघत बसले होते.

माझा एक मित्र शिल्पकला शिकतो. त्याच्याकडे मी तिसरीच रीत पाहिली. मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचा साचा घ्यायचा. पहिल्या पातळ थरात थोडी नीळ मिसळायची आणि वर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर द्यायचा. माती काढून टाकायची, आतून साबणाचं पाणी फिरवायचं, त्यात नवं प्लास्टर भरायचं. आणि मग छिन्नी घेऊन साचाच फोडायचा! पांढरं संपून निळं दिसू लागलं की हात सावध करायचा, कारण त्या निळ्याच्या पलीकडे मूर्ती असते. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली घडवलेली 'मंदिरपथगामिनी' आपण चित्रांत पाहतो. ती प्लास्टरची आहे. तिच्याकडे बघताना पदराच्या चुण्या सगळ्यांनाच दिसतात. मला आता चुण्यांबरोबर साचाही आठवतो.

साचा मोडण्याची ही रीत फार जुनी आहे. मेणाची मूर्ती करून तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तिका अशीच घडली. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त ही कृती दिली आहे; मेणाचं वजन करून त्यावरून धातू किती घ्यायचा ते ठरवावं, इतक्या बारकाव्यानिशी. आणि आपल्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ जमिनीतून निघाले, ते तर भरीव ओतीव आहेत. चारांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर! ज्या साच्यांतून ते निघाले, ते काही जमिनीतून निघाले नाहीत.

तर साचा तीन तऱ्हांनी सुटतो. एक उघडतो, एक वाकतो, एक मोडतो. न सुटणारा साचा हा साचाच नव्हे, ती कोठडी. साहित्यात आपण ज्याला साचेबंद म्हणतो ते बहुधा साच्यात घडलेलं नसतं. साच्यातून सुटायचं राहून गेलेलं असतं. ओवी हा साचाच आहे, अभंग हाही. पण त्यात भरलेला माणूस त्यातून सुटून आपल्यापर्यंत आला, म्हणून तर तो आपल्याला भेटला.

२०२१ साली आबांच्या कारखान्यात साचे करणारं मोठं यंत्र आलं. एक माणूस दिवसभरात भरतो तेवढ्या पेट्या ते तासाभरात भरतं, आणि सगळ्या सारख्या ठासलेल्या. हातानं साचे करणाऱ्यांना घरी जावं लागलं, त्यात आबाही. यंत्र आलं याचं मला वाईट वाटत नाही. रात्री भिंतीपलीकडून आबांचा खोकला ऐकणाऱ्याला वाळूच्या धुळीवर कविता सुचत नाही. वाईट याचं वाटतं, की मुठीतल्या वाळूचं ते ज्ञान कुठं लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या मुठीला जे कळत होतं ते त्यांच्या तोंडाला सांगता येत नाही, आणि मला ते ऐकून नीट लिहिता येत नाही. हा लेख म्हणजे त्यातलं चिमूटभर.

बारावीनंतर, २०२३ साली, आबांनी माझ्यासाठी आयटीआयच्या फौंड्रीमन ट्रेडची चौकशी करून ठेवली होती. त्यांच्या जुन्या मालकांनी, शिकून आला की पोराला यंत्रावर घेतो, असा शब्दही दिला होता. त्यात काही गैर नव्हतं. घराला पैशांची गरज होती. मी घरी आणला तो कला शाखेचा अर्ज. आबांनी तो हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मराठी विशेष, मानसशास्त्र, इतिहास. मग अर्ज टेबलावर ठेवून त्याच्या चारी बाजूंनी टेबलावर बोटानं हलकेच ठोकत बसले. एक शब्द बोलले नाहीत. आईनं चहा आणला, तो गार झाला.

शेवटी म्हणाले, "सही कुठं करायची?"